नोकरी सोडून सुतारकामाकडे वळताना: आधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

माझ्या वर्कशॉपमध्ये शनिवार-रविवारी शिकायला येणाऱ्यांत बहुतेकजण ऑफिसातले असतात. कुणी विम्याचे दावे तपासतं, कुणी सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेतं, कुणी दिवसभर एकाच नमुन्याची माहिती एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर भरतं. पहिला सांधा धड बसला की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: हेच काम पूर्णवेळ करता येईल का?

करता येतं. करणारे आहेत. पण नोकरी सोडण्याआधीची तयारी क्रमानं झाली नाही, तर चांगला हात असलेली माणसंसुद्धा वर्षभरात थकतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख. उदाहरण सुतारकामाचं घेतलं आहे, कारण ते मला जवळून माहीत आहे. बेकरी, कुंभारकाम, शिवणकाम यांकडे वळणाऱ्यांनाही पैशांचा आणि कागदपत्रांचा भाग बराचसा तसाच लागू पडेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. नव्या कामातला आवडता भाग करून बघून निर्णय घेऊ नका. त्यातला कंटाळवाणा भाग पोटभर करून बघा. तो केल्यावरही दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला यावंसं वाटत असेल, तर बाकीचं जमवता येतं.

पहिली पायरी: कंटाळा नेमका कशाचा आहे?

"नोकरीचा कंटाळा आलाय" या वाक्यात पाच-सहा वेगवेगळी दुखणी एकत्र असतात. ती आधी सुटी करा. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी संशोधकांनी १९७०च्या दशकात काम समाधानाचं का वाटतं याचा अभ्यास करून पाच गोष्टी पुढे मांडल्या. मी त्या प्रश्नांसारख्या वापरतो. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का? एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत तुमच्या हातून पुरी होते का, की मधलाच एक तुकडा तुमच्याकडे येतो? त्या कामानं कुणाचं काही भलं होतं, हे तुम्हाला दिसतं का? कसं आणि कधी करायचं हे तुम्ही ठरवता का? आणि काम चांगलं झालं की बिघडलं, हे कुणी न सांगता कामातूनच कळतं का?

रोज संध्याकाळी दोन ओळी वहीत लिहा: आज सगळ्यात जड काय गेलं, आणि ते या पाचांपैकी कशात बसतं. महिनाभरानं वही उघडली की चित्र स्पष्ट होतं. तक्रारी मुख्यतः साहेबांच्या बोलण्याच्या, हिंजवडीच्या ट्रॅफिकच्या किंवा रखडलेल्या पगारवाढीच्या असतील, तर तुम्हाला नोकरी बदलायची आहे, व्यवसाय नाही. त्यासाठी रंधा हातात घ्यायची गरज नाही. पण "दिवसभर राबलो आणि काय उभं राहिलं ते दाखवता येत नाही" हे वाक्य वहीत पुन्हा पुन्हा येत असेल, तर पुढे वाचा.

दुसरी पायरी: आहे त्याच नोकरीत एकदा हात घालून बघा

हे थोडक्यात सांगतो. २००१ मध्ये एमी रझेस्निएव्स्की आणि जेन डटन या संशोधक महिलांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांविषयी लिहिलं होतं. त्यांच्यातले काहीजण नेमून दिलेल्या कामाच्या चौकटीतच रुग्णांशी बोलणं, नातेवाइकांना वाट दाखवणं अशा गोष्टी आपणहून करत, आणि त्यांना तेच काम जास्त मोलाचं वाटे. तुमच्या ऑफिसात नव्या मुलांना शिकवणं, एखादी किचकट पद्धत सोपी करून देणं, ग्राहकाशी थेट बोलणं असं काही मागून घेता येईल का? तीन-चार महिने करून बघा. काहींचं एवढ्यानं भागतं आणि रविवारचं सुतारकाम त्यांना पुरतं. तेही पूर्ण आणि छान आयुष्य आहे.

तिसरी पायरी: नव्या कामातला कंटाळा आधी चाखा

इथे वेळ द्या. या पायरीला सहा महिने लागले तरी चालतील.

सुतारकाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सागवानाची फळी, रंध्यातून निघणारे लांब कुरळे छिलके आणि तेल लावल्यावर उठून दिसणारे रेषे येतात. प्रत्यक्षात शहरातलं बहुतांश काम प्लाय आणि सनमायकाचं आहे. गिऱ्हाईक वॉर्डरोब मागतं, किचनच्या ट्रॉल्या मागतं, टीव्हीचं युनिट मागतं. सगळं लाकूड भरीव असावं असं म्हणणारा आणि त्याचे पैसे मोजणारा माणूस सुरुवातीला क्वचितच भेटतो. त्यामुळे एखाद्या मिस्त्रींबरोबर आठवडाभर साइटवर जा. पुण्या-मुंबईत हे काम करणारे अनेक मिस्त्री राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले आहेत आणि घरच्या परंपरेतून शिकलेले आहेत. त्यांच्या वेळेचे पैसे द्या, फुकट शिकवा म्हणू नका, आणि प्लायच्या कडेला पट्टी चिकटवण्यापासून ते दुपारी कचरा भरण्यापर्यंत सांगतील ते करा.

मग घासकाम. एखाद्या टेबलाच्या एकूण वेळात घासण्याचा वाटा नवख्याला वाटतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १८०, २४०, ३२०. मधला एक नंबर गाळला तर त्या वेळी काही दिसत नाही. पॉलिशचा पहिला हात लागला की ओरखडे उठून येतात आणि पुन्हा मागे जावं लागतं. हे काम विचार करायला लावत नाही, बोटांच्या टोकांची आग होते, आणि ते कधीच संपत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना मी मुद्दाम एक अख्खा रविवार फक्त घासायला देतो. काहीजण पुढच्या आठवड्यात येत नाहीत. मला ते योग्यच वाटतं, त्यांचे पैसे आणि वर्षं वाचतात. आणि काहीजण संध्याकाळी त्या फळीवरून हात फिरवत उभे राहतात. ऑफिसातल्या पुनरावृत्तीत आणि या पुनरावृत्तीत फरक हाच असतो की इथे प्रत्येक तासानं पृष्ठभाग बदलतो आणि तो बदल तळहाताला कळतो. तो फरक तुम्हाला पुरेसा आहे का, हे तुम्हीच ठरवू शकता.

घासताना चांगला मास्क लावाच, एन-९५ किंवा त्याहून बरा. लाकडाची बारीक धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलेली आहे. यंत्र चालू असताना कानालाही संरक्षण हवं. या बाबतीत जुन्या कारागिरांचं ऐकू नका. ते मास्क लावत नाहीत म्हणून तुम्हीही लावायचा नाही, असं होत नाही.

शिकत असताना एक पावसाळा पूर्ण काढा. जून ते सप्टेंबर लाकूड ओल धरून फुगतं, उन्हाळ्यात सैल बसलेला ड्रॉवर अडकतो, पॉलिश वाळायला दुप्पट वेळ घेतं आणि लॅकरवर पांढुरका थर येतो. धंद्याचं कॅलेंडरही पाहून घ्या. पितृपक्षात लोक नवी खरेदी टाळतात, मग दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांना सगळं एकदम हवं असतं. पगारदार माणसाला महिन्याच्या ठरलेल्या तारखेची सवय झालेली असते. ही वरखाली लय अंगवळणी पडायला वेळ लागतो.

शिकण्याच्या जागा: आयटीआयमध्ये सुतार हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत यंत्रांवरच्या सुतारकामाचं प्रशिक्षण मिळतं. पण पाया तुमच्या शहरातही घालता येतो. पुण्यात असाल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सकाळी जा, लाकूड घनफुटावर कसं मोजतात ते पाहा, ओलं आणि वाळलेलं यातला फरक विचारा. अवजारांसाठी बोहरी आळीत फिरा. सुरुवातीला एक चांगला रंधा, दोन-तीन पटाश्या, करवत, गुण्या आणि धार लावायचा दगड एवढंच घ्या. धार लावायला शिकल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नका.

चौथी पायरी: एका वस्तूचा हिशेब शेवटपर्यंत करा

आकड्यांशिवाय हे बोलण्यात अर्थ नाही, म्हणून एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेला हिशेब मांडतो. समजा घरखर्चाला महिना ४०,००० रुपये लागतात आणि जागेचं भाडं, वीज मिळून १०,०००. म्हणजे ५०,००० रुपये मिळवायचे आहेत. महिन्यात २२ दिवस काम केलं तरी रोजचे आठही तास वस्तू बनवण्यात जात नाहीत. माल आणणं, फोन, मोजमाप घ्यायला जाणं, पोहोच करणं, बाकी वसूल करणं यांत तीन तास सहज जातात. उरले रोजचे पाच, महिन्याचे ११० तास. ५०,००० भागिले ११०, म्हणजे तुमच्या एका तासाची किंमत सुमारे ४५५ रुपये.

आता एक साधं चार पायांचं स्टूल. लाकूड १,४०० रुपये, पॉलिश-पेपर-गोंद ३००, आणि नवख्या हाताला ९ तास. मजुरी ४,०९५, एकूण ५,७९५ रुपये. बाजारात त्याच उंचीचं स्टूल १,५०० ला मिळत असेल, तर गिऱ्हाईक तुमच्याकडे का येईल?

इथे नवखा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. घाबरून २,००० ला स्टूल विकतो, म्हणजे तासाला तेहतीस-चौतीस रुपयांवर राबतो. किंवा भाव कमी करण्यासाठी एकदम सहा स्टुलं करायला घेतो. सहा एकत्र केली की एका स्टुलाचा वेळ सहा तासांवर येतो आणि किंमत ४,४३० होते. हिशेब सुधारला. पण आता तुम्हाला तोच पाय चोवीस वेळा कापायचा आहे, चोवीस वेळा घासायचा आहे. ज्या कंटाळ्यापासून पळालात तो दुसऱ्या दारानं आत आला. म्हणूनच तिसरी पायरी आधी ठेवली आहे.

माझ्या मते स्टूल, पाट, मोबाइल स्टँड अशा वस्तूंवर नवख्यानं पोट भरू नये, तिथे कारखान्याशी गाठ असते. एखाद्या घराच्या विचित्र कोपऱ्यात नेमकं बसणारं कपाट, आजोबांच्या जुन्या शिसवी पलंगाची दुरुस्ती, व्हीलचेअरवर बसणाऱ्यासाठी त्याच्या उंचीचं टेबल: तयार मिळत नाही अशा कामात तुमचा तास त्याच्या किमतीला विकला जातो. जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीकडे तर फारच कमी लोक लक्ष देतात. वाड्यांमधून, गावच्या घरांतून निघालेलं किती सुंदर सामान भंगारात जातं! ते वाचवणाऱ्याची गरज खरोखरच आहे.

नोकरीत असतानाच, ओळखीच्या नसलेल्या निदान पाच जणांना पूर्ण भावात काही तरी विका. मावशीनं कौतुकानं घेतलेला चौरंग यात मोजायचा नाही.

मात्र त्याआधी स्वतःचं नेमणूकपत्र वाचा. नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करायला बहुतेक कंपन्यांची मनाई किंवा लेखी परवानगीची अट असते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना तर वर्तणूक नियमांनुसार परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. परवानगी मागा. मिळाली नाही तर वस्तू बनवत राहा, भेट द्या, मतं घ्या, पण विक्री नोकरी सुटल्यावरच करा.

पाचवी पायरी: पैशांची तटबंदी

एक वर्षाचा घरखर्च इतर कशासाठीही मोडायची नाही अशा ठेवीत हवा. अवजारं आणि जागेच्या अनामतीचे पैसे त्याहून वेगळे. सहा महिन्यांचा खर्च पुरतो असं सांगणारे भेटतील. सुतारकामात तो पुरत नाही, कारण पहिला पावसाळाच चार महिने खातो.

आरोग्य विमा राजीनाम्याच्या आधी घ्या. कंपनीचा गटविमा साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर दावे मिळत नाहीत, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. करवत-पटाशीशी खेळणाऱ्याला अपघात विमाही हवा. गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे नोकरीत असतानाच विचारा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ठरावीक रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांसाठी. तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

पीएफ काढून अवजारं घ्यायचा मोह होतो. नका काढू. सलग पाच वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो. तसाच ठेवला तर व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर भरावा लागतो. नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी झाली असेल तर पेन्शनच्या हिश्श्यासाठी स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा. पुढे परत नोकरी धरलीत तर आधीची वर्षं जोडली जातात.

ग्रॅच्युइटीचं गणित अनेकजण विसरतात. कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं पुरी झाल्यावर ती मिळते: शेवटचं मूळ वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. मूळ वेतन ३०,००० असेल तर पाच वर्षांचे सुमारे ८६,५०० रुपये होतात. साडेचार वर्षं झाली असतील तर थांबा. तेवढ्यात चांगल्या यंत्राचे पैसे उभे राहतात.

घराचं कर्ज घ्यायचं असेल तर तेही पगार चालू असतानाच. स्वतःचा व्यवसाय सुरू केल्यावर बँका दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात.

सहावी पायरी: घरी सांगणं

याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात. आई-वडिलांना "माझं मन रमत नाही" हे कारण वाटत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. त्यांनी रमत नसलेल्या नोकऱ्या तीस-तीस वर्षं केल्या, त्यातून तुमचं शिक्षण झालं. लग्न ठरायचं असेल तर स्थळांचा प्रश्न खराच असतो. त्यांना भाषण देऊ नका, हिशेबाची वही दाखवा. किती शिल्लक आहे, किती वस्तू विकल्या, कुणाकडून किती आले, विमा कुठला घेतला.

दादासाहेब फाळके मला इथे नेहमी आठवतात. पुरातत्त्व खात्यातली नोकरी त्यांनी सोडली, मग छपाईच्या धंद्यात होते, आणि चाळिशीत सिनेमाकडे वळले. विम्याच्या पॉलिसींवर पैसे उभे करून १९१२ मध्ये लंडनला गेले, तंत्र शिकले, कॅमेरा घेऊन आले. पण मोठा सिनेमा काढायला भांडवल हवं होतं. तेव्हा त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक छोटासा चित्रपट केला आणि पैसे देऊ शकणाऱ्यांना तो दाखवला. शब्दांनी पटत नव्हतं ते त्या रोपानं पटवलं, आणि १९१३ मध्ये त्यांचा पहिला मोठा चित्रपट लोकांसमोर आला. सरस्वतीबाईंनी त्यात किती कष्ट उपसले, फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत, तेही विसरू नका. तुमच्या निर्णयाचा अर्धा भार जोडीदार उचलणार असेल तर त्याची किंवा तिची संमती मनापासूनची हवी, आणि वर्षभरानं जोडीदाराला "आता पुरे" म्हणायचा अधिकारही हवा. तुमची वाटाण्याची वेल म्हणजे घरच्यांच्या रोजच्या वापरातली एक उत्तम वस्तू. ती आधी करून द्या.

सातवी पायरी: राजीनामा आणि नोंदणी

नोटीस पूर्ण करा. नीट निरोप घ्या. कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवपत्र, फॉर्म १६ आणि शेवटचा हिशेब हातात आल्याची खात्री करा, आणि पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे का ते पाहा. ती राहिली तर नंतर कंपनीच्या मागे लागणं त्रासाचं होतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर आधारच्या आधारे मोफत होते. पैसे मागणाऱ्या तशाच दिसणाऱ्या साइट्सपासून सावध राहा. वस्तूंच्या विक्रीची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा असेल तर मात्र सीएंना विचारून घ्या. लहान धंद्यासाठी अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: डिजिटल मार्गानं आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरून कर भरता येतो. म्हणून पैसे खात्यात घ्या.

पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत, पण ती परंपरेनं हातकाम करत आलेल्या कारागिरांसाठी आहे. ऑफिस सोडून आलेल्यानं त्या रांगेत उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुद्रा किंवा पीएमईजीपी या छोट्या व्यवसायांसाठीच्या सरकारी योजनांचं कर्ज तुम्हाला मिळू शकतं, फक्त पहिल्या वर्षी ते घेऊ नका. हप्ता डोक्यावर असला की माणूस मिळेल त्या भावात मिळेल ते काम घेतो.

आठवी पायरी: परत फिरायची खूण आधीच ठरवा

राजीनामा देण्याच्या आठवड्यात एका कागदावर लिहा आणि जोडीदाराची सही घ्या: शिल्लक अमुक रकमेच्या खाली गेली, किंवा अमुक महिन्यापर्यंत महिन्याची कमाई घरखर्चाच्या निम्म्यावर पोहोचली नाही, तर अर्धवेळ नोकरी किंवा कंत्राटी काम शोधायचं. आकडे शांत डोक्यानं आधी लिहिलेले असले की त्या वेळी स्वतःशी भांडावं लागत नाही. दर तीन महिन्यांनी तो कागद काढा. सोबत पहिल्या पायरीतले पाच प्रश्न नव्या कामाला लावा आणि उत्तरं त्याच जुन्या वहीत लिहा.

जुन्या क्षेत्रातल्या दोन-तीन माणसांशी संबंध ठेवा आणि वर्षातून एकदा बायोडाटा ताजा करा. त्यात वर्कशॉपचा काळ रिकामा सोडू नका. गिऱ्हाईक सांभाळली, भाव ठरवले, माल वेळेत दिला, हे सगळं अनुभव म्हणून लिहा.

पहिल्या वर्षात मोठी जागा, मदतनीस आणि महागडं यंत्र या तिन्ही गोष्टी टाळा. दुसऱ्या कुणाच्या वर्कशॉपमध्ये कामाचं टेबल भाड्यानं मिळत असेल तर उत्तम. कापणी यंत्रावर करायची असेल तर टिंबर मार्केटजवळच्या मशीनवाल्याकडून फुटाच्या दरानं करून घ्या. काम वाढलं की पहिला खर्च धूळ खेचणाऱ्या यंत्रावर करा.